हरित दुभाजक आणि शहरी रस्त्याची रुंदी : एक तौलनिक विचार

महाराष्ट्रातील शहरांत रस्तारुंदीकरण म्हटले की मधोमध फुलझाडांचा दुभाजक जवळजवळ गृहीतच धरला जातो. कण्हेर व बोगनवेल यांच्या रांगेने रस्त्यास शोभा येते, समोरील वाहनांच्या दिव्यांचा झोत अडतो आणि समोरासमोरच्या धडका टळतात. ही कारणे रास्तच आहेत. तथापि दुभाजकास दिलेली जागा रस्त्याच्या अन्य घटकांतून वजा होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

उदाहरणादाखल ३० मीटर रुंदीचा रस्ता घेता येईल. दोन्ही दिशांस प्रत्येकी ७.५ मीटरचा वाहनमार्ग आणि मध्ये ३ मीटरचा हरित दुभाजक धरल्यास पदपथ, वृक्ष व सायकलमार्ग यांसाठी प्रत्येक बाजूस ६ मीटर उरतात. दुभाजक वगळल्यास तेथे ७.५ मीटर मिळतात. हा दीड मीटरचा फरक क्षुल्लक नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारीविषयक मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदीच १.८ मीटर सांगितली आहे.

दुभाजकाच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद पादचाऱ्याचा आहे. सेकंदाला १.२ मीटर या चालीने १५ मीटर ओलांडण्यास साडेबारा सेकंद लागतात. मध्ये थांबता आल्यास सुमारे सव्वासहा सेकंदांचे दोन टप्पे पडतात आणि एका वेळी एकाच दिशेकडे पाहावे लागते. वृद्धांच्या व शाळकरी मुलांच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न आहे. परंतु हा लाभ झाडांचा नसून मधल्या थांब्याचा आहे. सलग झुडपे व लोखंडी जाळी असल्यास थांबाच नाहीसा होतो आणि लोक वाट मिळेल तेथून उडी मारतात. १९८३ च्या नागरी रस्त्यांच्या मानकात पादचाऱ्याच्या आश्रयासाठी दुभाजकाची किमान रुंदी १.२ मीटर दिली होती. तेवढ्या रुंदीची बेटे केवळ ओलांडण्याच्या जागी ठेवूनही हे साधते.

दूरवर खंड नसलेल्या दुभाजकाचा आणखी एक परिणाम सर्वपरिचित आहे : वळसा टाळण्यासाठी दुचाकीस्वार उलट दिशेने येतात. शिवाय समोरून वाहन येण्याची धास्ती नसल्याने वेग वाढतो. दुतर्फा दुकाने असलेल्या रस्त्यावर या दोन्ही गोष्टी घातक ठरतात.

पर्यावरणाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. रस्त्याचा उतार बहुधा कडांकडे असतो. त्यामुळे मधल्या उंच वाफ्यास पावसाचे वाहते पाणी मिळत नाही आणि उन्हाळ्यात टँकर लागतो, तोही एक पदर अडवून. कडेच्या वृक्षाची सावली चालणाऱ्यावर पडते, मधल्याची वाहनांवर.

म्हणून ३० मीटरपर्यंतच्या बाजारपेठी रस्त्यावर कडेचे वृक्ष आणि ओलांडण्याच्या जागी छोटी बेटे हीच रचना अधिक योग्य दिसते. ४५ ते ६० मीटरच्या वेगवान मार्गावर मात्र रुंद हरित दुभाजक समर्थनीय आहे. तेथेही खंडांजवळची झुडपे गुडघ्याहून उंच वाढू देऊ नयेत, अन्यथा त्यांमागून येणारे मूल चालकास दिसत नाही. रुंद दुभाजक भविष्यासाठी राखीव जागाही ठरतो : नागपूरच्या वर्धा मार्गावर २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यभागीच उभे राहिले.