कंठमण्याची गोष्ट

तरणा कोंबडा पहिल्यांदा आरवायला लागतो, तेव्हा नीट कान देऊन ऐका रे पोरांनो. आपल्या करमाडात अजून पुष्कळ अंगणांत कोंबड्या आहेत. जालना रोडवर ट्रक कितीही धावू देत, पहाटेची बांग कानावर येतेच. जुना कोंबडा मान ताणून सलग बांग देतो. तीन-चार महिन्यांचा तरणा मात्र जोरात सुरू करतो, मध्येच त्याचा आवाज चिरकतो, मग गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्याच दिवसांत त्याचा तुरा भरत असतो, लाल होत असतो, आणि तो उगाच दुसऱ्या कोंबड्याच्या अंगावर धावून जायला लागतो. तुरा, भांडण आणि बांग, तिन्ही एकदमच का येतात?

हाच प्रश्न जर्मनीतल्या गॉटिंगेन गावी एका शास्त्रज्ञाला पडला होता. त्याचं नाव आर्नोल्ड बेर्टोल्ड. १८४९ साली त्यानं सहा तरणे कोंबडे घेतले आणि त्यांची वृषणं काढली. ज्यांची कायमची काढली, त्यांचा तुरा फिका आणि लहानच राहिला. ते भांडेनात आणि त्यांची बांगही खरी होईना. बाकीच्यांच्या पोटात त्यानं एकेक वृषण परत ठेवलं, पण मूळ जागी नाही, आतड्यांच्या मध्ये. काहींचं स्वतःचं, काहींचं दुसऱ्याचं. हे कोंबडे मात्र ऐटीत वाढले, भांडले, आरवले. बेर्टोल्डनं आत पाहिलं, तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, पण जुन्या नसांशी त्याचा काहीच संबंध उरला नव्हता. म्हणजे निरोप नसांतून जात नव्हता. कुठलातरी पदार्थ रक्तात मिसळत होता आणि रक्तच तो पार गळ्यापर्यंत पोचवत होतं. त्या पदार्थाला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळायला पुढं १९३५ साल उजाडलं.

"आबा, म्हणजे दादाचा कोंबडा झालाय?"

हसू नका त्याला. सप्ताहात गवळण म्हणताना त्याचा आवाज फाटला आणि पोरं हसली, तेव्हापासून तो टाळसुद्धा हातात धरत नाही. त्याच्यासाठीच तर ही गोष्ट काढली. ये, पुढं बस. गळ्यावर बोट ठेव आणि 'आ' म्हण. थरथर लागते ना? तिथं आहे तुझं स्वरयंत्र. त्याच्या आत मऊ स्नायूंच्या दोन घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातली हवा वर येताना त्या घड्या उघडझाप करतात, सेकंदाला शेकडो वेळा. तुझ्या वयापर्यंत मुलाचा आवाज सेकंदाला साधारण अडीचशे कंपनांचा असतो. मुलीचाही जवळपास तेवढाच. म्हणून फोनवर तुम्हा भावंडांतलं कोण बोलतंय ते मला कळत नाही.

मग बारा-तेरा-चौदाच्या सुमाराला तोच टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढतो. स्वरयंत्राच्या पुढं ढालीसारखी एक कूर्चा असते, ती मुलांमध्ये भराभर वाढते आणि तिचं टोक पुढं येतं. तोच कंठमणी. आतल्या घड्याही लांब होतात, जाड होतात. तंबोऱ्यात खर्जाची तार जाड असते म्हणून ती सावकाश हलते आणि खाली बोलते, तेच इथं घडतं. मोठ्या पुरुषाची कंपनं सव्वाशेच्या आसपास येतात, म्हणजे जवळजवळ निम्मी. आपल्या भजनाच्या पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत जायला काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या लागतात. मुलाचा आवाज वयात येताना जवळपास त्या बाराही पट्ट्या खाली उतरतो. मुलींच्या घड्याही वाढतात बरं का, पण थोड्या. त्यांचा आवाज तीन-चार पट्ट्या उतरतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि चिरकतो का? तुझ्या मेंदूला सवय आहे ती जुन्या, छोट्या घड्यांची. किती ताण दिला की कुठला सूर निघतो, याचा हिशेब त्यानं दहा वर्षं पक्का केला आहे. आता घड्या महिन्यामहिन्याला बदलतायत आणि मेंदू जुन्याच हिशेबानं ताण देतोय. हा हिशेब नव्यानं बसायला काही महिने लागतात, कुणाला वर्षभर, कुणाला जास्त. तोवर ओरडून गायचं नाही, वरचा सूर खेचायचा नाही. खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात गुणगुणायला मात्र काही हरकत नाही.

आता कल्पना करा, एखाद्या मुलाचं पोटच त्या कोवळ्या आवाजावर चाललंय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या संगीत नाटकांत बायका सहसा काम करत नसत. त्यांच्या भूमिका पुरुष करत, आणि कंपन्या गोड गळ्याची मुलं गावोगाव शोधत. कोल्हापूरचे केशवराव भोसले असेच लहानपणी कंपनीत गेले आणि देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदा झाले. मुलीच्या वेषातल्या त्या मुलाच्या गाण्यावर लोक खूष होते. असं मूल कंपनीचं तिकीट असतं. आणि एक दिवस, कुणालाही न विचारता, कंठ फुटतो.

युरोपात चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांवर हीच पाळी यायची. हायडन नावाचा फार मोठा संगीतकार लहानपणी व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गायचा. १७४९ साली आवाज गेला म्हणून त्याला काढून टाकलं. तेव्हा त्याचं वय सतरा.

"सतरा? दादा तर तेराचाच आहे."

बरोबर पकडलंस! तिकडच्याच लाइपझिग शहरात बाख नावाचा संगीतकार मुलांना गायला शिकवायचा. त्या काळच्या कागदांवरून दिसतं की तिथल्या मुलांचे आवाज सोळा-सतराच्या सुमाराला फुटत. आज ते तेरा-चौदाला फुटतात. फरक मुख्यतः अन्नाचा आहे. पोटाला पुरेसं मिळालं की शरीर वाढ लवकर उरकतं. उपासमार असली की ते थांबतं आणि वाट बघतं. मी बहात्तरचा दुष्काळ बघितला आहे, मदतीत वाटलेल्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढले आहेत. म्हणून पोराचा आवाज वेळेवर फुटला की मला तरी बरं वाटतं. घरात भाकरी आहे, याची ती खूण आहे.

आता जी गोष्ट मला खरी सांगायची आहे, ती ऐका. भास्कर बखले नावाचा मुलगा, जन्म १८६९चा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या कंपनीत होता. १८८४ साली 'रामराज्यवियोग' नाटक आलं, त्यात तो कैकेयी झाला. पंधरा वर्षांचा मुलगा, गळा सोन्याचा. थोड्याच दिवसांत कंठ फुटला. ज्या गळ्यासाठी त्याला ठेवलं होतं तो गळाच राहिला नाही, मग कंपनीत त्याच्या गाण्याला कोण विचारतो? तो बाहेर पडला.

पुष्कळ मुलांची गोष्ट इथंच संपली असेल. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण भास्कर थेट बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडं शिकायला गेला. मग नथ्थन खाँ, पुढं अल्लादिया खाँ. वर्षानुवर्षं शिकला, नव्या गळ्यानं. तोच झाला गायनाचार्य भास्करबुवा बखले. १९११ साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाज काढला, तो आजही आहे. १९१६ साली 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या आणि त्या गायल्या स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी, रुक्मिणी होऊन. कैकेयीचा आवाज गमावलेला माणूस रुक्मिणीचं गाणं घडवत होता!

बालगंधर्वांचंही नवल बघा. जन्म १८८८चा आणि किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली, सतरा वर्षांचे होऊन. त्या वयात गळा काही लहान मुलाचा राहत नाही. मग रंगभूमीवर स्त्री उभी राहायची ती कशातून? आघात, लय, नजर, शब्द सोडण्याची रीत, यांतून. आणि केशवराव? त्यांनी १९०८ साली, सतरा वर्षांचे असताना, स्वतःची 'ललितकलादर्श' कंपनी काढली. १९२१च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, नाटकाचा नायक. एकेकाळची शारदा!

पुढं सिनेमा आला. सचिन पिळगावकर १९६३च्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये दिसले, तेव्हा अगदी लहान होते. महेश कोठारे त्याच वर्षीचे 'छोटा जवान'. दोघं पुढं नायक झाले, दिग्दर्शक झाले. तुम्ही बघता तो हॅरी पॉटर, म्हणजे इंग्लंडचा डॅनियल रॅडक्लिफ, २००१ ते २०११ सगळ्या जगासमोर मोठा झाला. पहिला आणि दुसरा भाग लागोपाठ लावा, त्याचा उतरलेला आवाज तुम्हाला ऐकू येईल.

"पण आबा, गळाच बदलला तर शिकलेलं कुठं राहतं?"

कानात राहतं, बाळा. हे निसर्गाचं मला सगळ्यात मोठं नवल वाटतं. कानाच्या अगदी आत, कवटीच्या सगळ्यात कठीण हाडात, अडीच वेढ्यांचा एक शंखाकृती अवयव आहे. एका टोकाला बारीक सूर ओळखतो, दुसऱ्या टोकाला खर्ज. उलगडला तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. हात वाढतात, पाय वाढतात, जबडा वाढतो, गळा तर बघितलाच. पण हा शंख जन्माच्या वेळीच पूर्ण मापाचा असतो. आईच्या पोटातच त्याची वाढ संपलेली असते. त्याला टेकलेली ती इवलीशी हाडंसुद्धा तशीच. म्हणजे तुझ्या पाळण्यात ज्या शंखानं तू अंगाई ऐकलीस, त्याच शंखानं मी मेल्यावरसुद्धा तू भजन ऐकशील. तिथून सूर मेंदूत जातो आणि मेंदू तो साठवतो. गळा कितीही पट्ट्या खाली सरकला तरी सा आणि प मधलं अंतर त्याला माहीत असतं.

आता आपल्या जवळच्या एका गळ्याची गोष्ट. फुलंब्री इथून किती लांब? आपल्याच जिल्ह्यातली. तिथलं आडनाव लावणाऱ्या घराण्यात, पण आळंदीला, १८९८ साली कृष्णा नावाचा मुलगा जन्मला. १९११ साली, तुझ्याच वयाचा असताना, तो नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गाणारा बालनट झाला. मग शिष्य कुणाचा झाला? भास्करबुवांचा. ज्यांचा स्वतःचा आवाज कंपनीत असताना फुटला होता, त्यांच्या हाताखाली हा मुलगा तरुण झाला. यापेक्षा चांगला गुरू त्या वयात कुणाला मिळावा! तेच मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. बालगंधर्वांसोबत रंगभूमीवर उभे राहिले, त्यांच्या कंपनीच्या नाटकांना चाली दिल्या. प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा', 'अमर ज्योती', 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांचं संगीत त्यांचंच. 'वंदे मातरम्' समूहानं, सैन्याच्या बँडवरसुद्धा, नीट वाजवता-गाता येतं, हे दाखवायला त्यांनी वर्षानुवर्षं चाली बांधल्या आणि घटना समितीच्या सदस्यांपुढं प्रात्यक्षिकं दिली. २४ जानेवारी १९५० रोजी त्या गीताला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान मिळाला. कृष्णरावांना चारच दिवसांपूर्वी ५२ वर्षं पूर्ण झाली होती.