फिरती डोलकाठी: काठी कमी, शीड जास्त

डोलकाठी म्हटलं की डोलणारी काठी डोळ्यांपुढे येते, स्वतःभोवती फिरणारी नाही. पण वाळूवरून ढकलत पाण्यात नेता येते ती हॉबी १६ कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, पाहा. तिच्या डोलकाठीचा छेद थेंबासारखा आहे, पुढे गोलसर आणि मागे निमुळता. बुडाशी ती एका गोलसर टेकूवर बसते आणि वरून तिला तीन तारा धरतात, एक पुढे आणि दोन बाजूंना. बस, एवढंच. म्हणून ती उभी राहूनही डावीउजवीकडे वळू शकते.

ती वळते म्हणजे वातकुक्कुटासारखी वाऱ्याकडे तोंड करते, हा नवख्यांचा पहिला समज. वाऱ्याकडे तोंड केल्याने काठीचा अडथळा कमी होतो, हे खरं. पण खरा लाभ वेगळाच आहे. शिडाची ओढ मुख्यतः आडोशाकडच्या, म्हणजे वारा थेट लागत नाही त्या, बाजूला तयार होते, कारण तिथे हवेचा दाब उतरतो. स्थिर गोल काठीच्या मागे हवा फाटते, भोवरे उठतात आणि शिडाचा पुढचा, सगळ्यात कामाचा पट्टा वाया जातो. काठी वळवली की तिचा गाल आणि शीड आडोशाकडून एकाच सलग वळणात येतात. त्यासाठी काठी शिडाच्या रेषेत आणून भागत नाही, त्याहून थोडी पुढे वळवावी लागते. मग वाऱ्याकडच्या अंगाला सांध्यात खाच पडते खरी, पण तो तोटा त्या मानाने लहान.

म्हणजे ही काठी शीड टांगायची खुंटी नाही, शिडाचाच पुढचा भाग आहे. ए-क्लास कॅटमरानच्या नियमांनी तर हे सरळ मान्य केलं आहे. तिथे १३.९४ चौरस मीटरची मर्यादा शीड आणि डोलकाठी मिळून मोजतात.

दुसरा समज दोरीबद्दलचा. टॉर्नेडोसारख्या कॅटमरानांवर काठीच्या खालच्या भागातून मागे निघालेला एक दांडा असतो. त्याला स्पॅनर म्हणतात. त्याची दोरी ओढली की काठी वळते असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक बोटींवर ही दोरी काठीला वळवत नाही, अडवते. वळवण्याचं काम बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, करते. शीड ताणलं की बूम काठीच्या मागच्या कडेवर तिरका रेटा देते आणि काठी टेकूवर फिरते. तो रेटा तिला हवं त्याहून जास्त फिरवू शकतो, म्हणून लगाम. काठीला मुद्दाम दोन्हीकडे ओढणाऱ्या दोऱ्याही असतात, पण त्या काही ट्रायमरानांवर, म्हणजे तीन सांगाड्यांच्या बोटींवर.

मग बारीक वाऱ्यात काय? रेटाच नाही, तर काठी वळत नाही. बोट वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला नेल्यावर ती कधी जुन्याच बाजूला वळलेली राहते आणि शीड उलटं मोडल्यासारखं दिसतं. अशा वेळी शिडाचा दोर आणखी आवळायचा, हा सल्ला किनाऱ्यावर हमखास ऐकू येतो. तो उलटा आहे. दोर जितका घट्ट, तितकी काठी टेकूवर दाबली जाते आणि घर्षण वाढतं. दोर थोडा सैल करून बूमला हाताने धक्का दिला की काठी टक्कन वळते. बाजूच्या तारा वाजेपर्यंत ताणणाऱ्यांचंही हेच होतं. टेकूत वाळू असेल तर मग बघायलाच नको.

सगळ्यात चिवट समज म्हणजे जितकी फिरेल तितकं चांगलं. वारा मागून घेऊन जाताना काठी जवळजवळ ९० अंशांपर्यंत मोकळी सोडतात, ते बरोबर. वाऱ्याविरुद्ध चढताना आणि वारा भरात असताना मात्र बऱ्याच बोटींवर लगाम आवळतात. काठीचा छेद लांबट असल्यामुळे ती छेदाच्या लांबीच्या दिशेने ताठ आणि जाडीच्या दिशेने लवचीक असते. कमी वळवली की ही लवचीक बाजू बोटीला आडवी येते. मग झोत आला की काठीचं टोक आडोशाकडे लवतं, शिडाचा वरचा भाग उघडतो आणि जादा वारा निसटून जातो. काठीवरच बांधलेल्या डायमंड नावाच्या तारांचा ताण बदलला की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिडाचे बाकीचे दोर सतत हाताळणारे लोक स्पॅनरची दोरी मात्र एकदा बांधून विसरतात. मला हे नेहमीच अजब वाटत आलं आहे.

हे सारं फक्त कॅटमरानचंच, असंही नाही. लेझर या एकट्याने चालवायच्या बोटीची काठीही फिरते, पण ती गोल असल्याने फिरून आकारात फरक पडत नाही. २०२१च्या अमेरिका कप स्पर्धेतल्या एसी७५ एकाच सांगाड्याच्या होत्या, तरी त्यांच्या डी-आकाराच्या काठ्या फिरत होत्या. बहुतेक अरुंद बोटींत मात्र काठी उभी ठेवायला आडव्या पट्ट्या, खालच्या तारा, मागची तार असा गोतावळा लागतो आणि फिरायला जागा उरत नाही. उलांडीची होडी पाहिलेल्याला हे सांगायला नको: रुंदी असेल तर तारा दूरवर बांधता येतात, मग तीनही पुरतात.

शीड उतरवलं की काम संपलं, हा समज मात्र महागात पडतो. मोठ्या ट्रायमरानांच्या पंखासारख्या रुंद काठ्या शिडाविनाही वारा धरतात आणि नांगरावरची बोट रात्रभर इकडून तिकडे हिंडत राहते. म्हणून किनाऱ्यावर जाण्याआधी काठीचं फिरणं दोरीने बांधून ठेवतात.