वाढत्या वयातला जबडा

मी दंतवैद्य नाही, माझा संबंध अक्षरांशी. पण प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठाला ओठ टेकल्याशिवाय नीट उमटत नाहीत, आणि वरचे दात फार पुढे असलेल्या मुलांना ओठ मिटायलाच कष्ट पडतात. माझी अकरा वर्षांची नात ‘अम्मी’ म्हणायची तेव्हा तिचा खालचा ओठ वरच्या दातांना टेकायचा. वर्गातली मुलं चिडवायची. पुढे ती तोंडावर हात धरून हसू लागली, तेव्हा आम्ही तिला दंतवैद्यांकडे नेलं.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्याला दात पुढे आलेले दिसतात. पण अनेकदा खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. मूल वाढतं आहे तोवर त्यावर उपाय सोपा असतो. स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ‘ट्विन ब्लॉक’ आणला. वर एक प्लेट, खाली एक प्लेट आणि दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळे एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येतो. ही प्लेट साधारण नऊ महिने ते वर्षभर, जवळजवळ दिवसरात्र घालावी लागते.

मात्र यात जादू नाही. सुधारणेचा मोठा वाटा दात सरकल्याचा असतो, हाडाचा कमी. म्हणून वेळ महत्त्वाची. उंची झपाट्यानं वाढते तो काळ उत्तम; मुलींत तो मुलांच्या आधी येतो. फार लवकर सुरुवात केल्यानं शेवटचा निकाल सहसा बदलत नाही. मात्र पडझडीत पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होतो. उलट वरचा जबडा मागे राहिला असेल, तर दहा वर्षांच्या आतच दाखवावं.

‘लग्नाच्या वेळी बघू’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तोवर वाढ संपलेली असते. तारा लावून दात सरकवता येतात, पण जबड्यातला मोठा फरक शस्त्रक्रियेशिवाय जात नाही.

आणखी एक. सुरुवातीचे काही दिवस मूल बोबडं बोलतं, लाळ गळते, जबडा दुखतो. त्या दिवसांत घरात कुणी नक्कल करू नये. लाजून मुलानं प्लेट डबीत ठेवली, की पैसेही गेले आणि वाढीचं वयही गेलं. पैसे पुन्हा जमवता येतात.