जागा झालेला मुका संगणक

संगणकाला झोंपविणें ही आतां घरोघरची गोष्ट झाली आहे. झांकण मिटलें कीं यंत्र निजतें, उघडलें कीं जागें होतें. परंतु लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला यूएसबीनें ध्वनियंत्र जोडलेलें असल्यास कित्येकदां पडदा उजळतो व आवाज मात्र येत नाहीं. डोळस माणसाला ही किरकोळ अडचण वाटेल. ‘ऑर्का’ या पडदावाचकाच्या आधारें काम करणाऱ्या अंध माणसाचें तसें नाहीं. त्याचा आवाज गेला म्हणजे पडदाच गेला, आणि दुरुस्तीची सूचनाही त्याला वाचतां येत नाहीं.

संगणकाची निद्रा साधारणतः दोन प्रकारची असते. उथळ निद्रेंत बहुतेक भागांना थोडीफार वीज मिळत राहते. गाढ निद्रेंत मुख्यतः स्मृतीला मिळते, आणि पुष्कळ यंत्रांत यूएसबीच्या तोंडाची वीजही तुटते. यूएसबीच्या कारभारांत जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला संगणक एक क्रमांक देतो. तारेवर ३ मिलिसेकंद शांतता झाली कीं उपकरणानें स्वस्थ बसावें असा नियम आहे. वीज चालू असेल तोंवर तें आपला क्रमांक विसरत नाहीं. वीज गेली कीं विसरतें. मग जागें होतांना लिनक्सचें कर्नल त्याला नव्यानें हाक मारतें, पूर्वीचेंच उपकरण आहे अशी खात्री करून घेतें व जुनाच क्रमांक परत देतें. उपकरण सावकाश सावध होणारें असेल, तर हाकेला वेळेवर ओ मिळत नाहीं. कर्नल त्याला गेलेलें समजतें. मागाहून तें आलें कीं नवा पाहुणा म्हणून त्याची नोंद होते, आणि चालू असलेलें गाणें किंवा वाचन भलत्याच कर्ण्याकडे वळतें.

दोष कोठें आहे हें तीन ठिकाणीं विचारावें. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या यादींत उपकरण नसेल, तर तार, हब किंवा वीज यांकडे पाहावें. तेथें असून ‘एप्ले’च्या यादींत नसेल, तर ध्वनिचालक अडला आहे. दोन्हींकडे असून आवाज नसेल, तर बहुधा पाइपवायर अथवा वायरप्लंबर चुकला आहे, आणि त्यांना पुन्हां चालू केल्यानें काम भागतें. कर्नलच्या नोंदवहींत जागें होण्याच्या क्षणीं ‘डिस्कनेक्ट’ असा शब्द सांपडला, तर वरील हाकेचीच गोष्ट घडली असें समजावें.

उपकरण स्वस्थ असतां त्याला निजविणारी ‘ऑटोसस्पेंड’ची सोय सरसकट बंद करावी, असा सल्ला वारंवार दिला जातो. पण ती सोय संगणक जागा असतांनाची आहे. झांकण मिटल्यानंतरच्या रोगावर तिचा उपाय होत नाहीं. उथळ निद्रेनंतर उपकरण यादींत राहून मुकें होत असेल, तर ‘यूएसबीकोर’च्या ‘क्वर्क्स’मध्यें त्याच्या ओळखक्रमांकापुढें ‘बी’ हें अक्षर लिहावें. मग प्रत्येक जागृतीला त्याची पुनःस्थापना होते. गाढ निद्रेंतच तें तुटत असेल, तर उथळ निद्रा पत्करावी. बॅटरी थोडी अधिक खर्ची पडेल. तार न काढतां जोडणी नवी करावयाची असल्यास उपकरणाच्या ‘ऑथराइज्ड’ फाइलींत प्रथम ० व मग १ लिहितात. हें काम सिस्टमडीच्या ‘सिस्टम-स्लीप’ संग्रहांतील लहानशा आज्ञापत्राकडे सोंपवितां येतें, म्हणजे अंध माणसाला जागें झाल्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागत नाहीं.