बर्फावरचे बूट : ऊब आणि ओल

कोलकात्याच्या नैऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर खिदिरपूर वसले आहे. येथील गोदी १८९२ साली जहाजांना खुली झाली. या भागात बर्फ कधी पडत नाही. पौष-माघातील रात्रीदेखील पारा सहसा दहा अंशांच्या खाली उतरत नाही. असे असूनही बर्फाळ प्रदेशातील पादत्राणांचा विचार खिदिरपूरपासून सुरू करणे उचित ठरते. कारण अनवाणी वावरण्याची सवय असलेली हजारो माणसे याच गोदीतून जगातील अतिशय थंड समुद्रांवर गेली.

ही माणसे म्हणजे 'लस्कर' या नावाने ओळखले जाणारे हिंदी खलाशी. सिल्हेट, नोआखाली, चितगाव या जिल्ह्यांतून ते कोलकात्यास येत, खिदिरपूरच्या खाणावळींत उतरत आणि सारंगामार्फत जहाजावर भरती होत. मुंबई बंदरातून रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी डेकवरच्या कामासाठी आणि गोव्यातील लोक भोजनगृहातील कामासाठी अशाच रीतीने जात. हिवाळ्यात ठराविक अक्षांशांच्या उत्तरेस लस्करांना नेऊ नये, अशी अट त्यांच्या करारांत असे. थंडी त्यांना सोसत नाही, हे तिचे कारण सांगितले जाई. गोऱ्या खलाशांचा रोजगार राखण्याचा हेतूही तिच्यामागे होता. पण दुसऱ्या महायुद्धात हेच लस्कर उत्तर अटलांटिक महासागरातील जहाजांवर कामाला होते, आणि पाणतीराने जहाज बुडाल्यावर उघड्या होडीत तग धरण्याचा प्रसंग त्यांच्यावरही येत होता.

गोठल्यावाचून जाणारा पाय

अशा होड्यांतून वाचलेल्या खलाशांचे पाय तपासताना वैद्यांना एक गोष्ट ठळकपणे आढळली. अनेकांचे पाय गोठलेले नव्हते. होडीच्या तळाशी साचलेले पाणी शून्य अंशाच्या बरेच वर होते. तरीही त्यात दिवसेंदिवस बुडून राहिलेले पाय प्रथम बधिर झाले, मग पांढरे पडून सुजले आणि ऊब मिळताच त्यांत असह्य आग होऊ लागली. काहींची बोटे कापावी लागली. या विकाराला 'इमर्शन फूट', म्हणजे पाण्यात बुडून बिघडलेला पाय, असे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील खंदकांच्या चिखलात उभे राहिलेल्या सैनिकांना हाच विकार 'ट्रेंच फूट' या नावाने जडला होता. १९१४-१५ च्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात त्याचे सुमारे २०,००० रुग्ण झाले.

भातलावणीच्या दिवसांत कोकणातील शेतकऱ्याच्या पायांना चिखल्या होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दिवसभर पाण्यात राहिलेली कातडी पांढरी, मऊ होते आणि बोटांच्या बेचक्यांत फाटते. तेथे पाणी कोमट असते, म्हणून इजा कातडीपुरती राहते. त्याच ओलीला थंडीची जोड मिळाली, की इजा कातडीखालील रक्तवाहिन्यांपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. बर्फाळ प्रदेशात पायाचा शत्रू केवळ थंडी नसून थंडी आणि ओल यांची युती हा आहे. बुटाचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

ऊब कोठून येते

'उबदार बूट' हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी बूट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता रक्ताबरोबर पायात येते. बूट ती फक्त राखून ठेवतो. शरीराला थंडी लागली, की हृदय, मेंदू यांसारख्या मर्मस्थानांची ऊब टिकविण्यासाठी हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पायांकडे येणारे रक्त कमी होते. पायात मांसल स्नायू थोडे, आणि आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. म्हणून तो लवकर गार पडतो. डोके व धड उघडे ठेवून केवळ पायांत जाड बूट घातल्याने पाय उबदार राहत नाहीत, याचे कारण हेच होय.

ही उष्णता राखण्याचे काम मुख्यतः स्थिर हवा करते. लोकर, फर किंवा लोकर दाबून केलेला जाड नमदा यांच्या तंतूंमध्ये हवेचे असंख्य लहान कप्पे असतात. हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. ज्या क्षणी त्या कप्प्यांत हवेऐवजी पाणी शिरते, त्या क्षणी ऊब राखणारा थर ऊब पळविणारा थर बनतो. शिवाय पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, आणि तिचा मोठा भाग पायाकडूनच घेतला जातो.

सगळे तंतू मात्र सारखे वागत नाहीत. सुती मोजा भिजला की चेपतो आणि ओल कातडीला चिकटवून ठेवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प पोटात घेऊनही ओली भासत नाही, आणि भिजल्यावरही तिचा फुगीरपणा बराचसा टिकतो. भर पावसात घोंगडीची खोळ पांघरून उभ्या राहणाऱ्या धनगराला हे ज्ञान शास्त्रग्रंथांवाचून झालेले असते.

बाहेरचे पाणी

बाहेरचे पाणी अडविण्याची विद्या उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांनी फार पूर्वी सिद्ध केली. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना तेथील स्त्रिया सुई कातड्याच्या पूर्ण जाडीतून आरपार जाऊ देत नाहीत. शिवणीसाठी प्राण्यांच्या स्नायुबंधांचा दोरा वापरतात. तो भिजला की फुगतो आणि भोक बुजवितो. बुटाला पाणी लागते ते बहुधा शिवणीतून, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

कारखान्यातील जलरोधक बूट शक्य झाला तो रबरामुळे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली गंधकाबरोबर रबर तापविण्याची युक्ती सापडली, आणि हा दोष नाहीसा झाला. तिला व्हल्कनीकरण म्हणतात. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन याने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. बंगालमध्ये हे तंत्र सुरेंद्रमोहन बोस यांनी रुजविले. त्यांनी १९२० साली स्थापन केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफ वर्क्सचा 'डकबॅक' शिक्का रेनकोट व गमबूट यांच्यामुळे घरोघर परिचित झाला. खिदिरपूरहून हुगळीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, की बाटानगर लागते. तेथे १९३४ साली बाटा कंपनीच्या वसाहतीचा पाया घातला गेला.

परंतु पावसाळ्यातील गमबूट घेऊन कोणी बर्फावर उभा राहिला, तर त्याची निराशा होईल. रबर पाणी अडविते, उष्णता अडवीत नाही. त्याच्या पातळ भिंतीतून पायाची ऊब झपाट्याने निघून जाते.

आतले पाणी

याहून अवघड प्रश्न आतल्या पाण्याचा आहे. दोन्ही तळपायांवर मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. रबर ज्याप्रमाणे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, त्याचप्रमाणे आतला घाम बाहेर जाऊ देत नाही.

अमेरिकेतील मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन हा शिकारीचा षोकी राहत असे. कातडी बुटांनी पाय भिजतात आणि पूर्ण रबरी बुटांनी ते घामेजतात, हा त्याचा नित्याचा अनुभव होता. त्याने खालचा भाग रबराचा आणि घोट्यावरचा भाग कातड्याचा असा जोडबूट करविला. १९१२ साली त्याने पहिले शंभर जोड विकले. त्यांतील नव्वद परत आले. कारण रबर आणि कातडे यांच्या जोडावरची शिवण उसवली. बीनने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि बूट सुधारला. शिकाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय झाला, कारण शिकारी चालत असतो आणि कातड्याच्या भागातून थोडाफार घाम बाहेर पडतो.

त्याच घडणीचा, आत नमद्याचा तळ असलेला 'शूपॅक' नावाचा बूट अमेरिकन सैनिकांच्या पायांत होता. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातील चोसिन जलाशयाच्या परिसरात त्याची कसोटी लागली. थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरली होती. डोंगर चढताना सैनिकांच्या पायांना घाम येई. ते पहाऱ्यासाठी थांबले की तोच घाम बुटाच्या आत गोठे. हजारो सैनिक हिमदंशाने जायबंदी झाले. बूट फाटला नव्हता आणि बाहेरचे पाणीही आत आले नव्हते.

यातून पुढे निराळा बूट तयार झाला. त्यात लोकरीचा थर रबराच्या दोन भिंतींमध्ये कायमचा बंद केलेला होता. घाम आला तरी तो आतल्या भिंतीपाशीच थांबतो. ऊब राखणाऱ्या थराला त्याचा स्पर्श होत नाही. पाय ओला राहतो, पण गोठत नाही. या बोजड, फुगीर बुटाला सैनिकांनी 'मिकी माऊस' असे टोपणनाव दिले. अर्थात पाय सतत ओला राहणे घातकच असल्यामुळे हा बूट घालणाऱ्यालाही दिवसातून निदान एकदा पाय पुसून मोजे बदलावेच लागतात.

चालणारा आणि थांबणारा

या इतिहासावरून निवडीचे पहिले सूत्र हाती येते. बूट निवडताना 'थंडी किती' या प्रश्नाबरोबरच 'चालणार किती आणि थांबणार किती' हेही विचारले पाहिजे. फिनलंड, रशिया, कॅनडा या देशांत हिवाळ्यात गोठलेल्या तलावाला भोक पाडून माणसे गळ टाकून बसतात. हा मासेमार तासन्‌तास हालत नाही. त्याचे स्नायू उष्णता निर्माण करीत नाहीत आणि तळव्यांखालचा बर्फ ती सतत शोषीत असतो. त्याला जाड तळाचा, नमद्याचे वेगळे अस्तर असलेला, भारी बूट हवा. शिकाऱ्याला तोच बूट घातक ठरतो: पहिल्या मैलातच पाय घामेजतो. त्याला हलका, घोट्याला आधार देणारा बूट आणि जवळ मोज्यांचा कोरडा जोड हवा.

जहाजावरही हाच भेद दिसून येई. टेहळणीसाठी डेकवर उभा असलेला खलाशी बर्फावरच्या मासेमारासारखा, तर भट्टीत कोळसा टाकून घामाघूम झाल्यावर गार वाऱ्यात वर येणारा आगवाला चालून थांबलेल्या शिकाऱ्यासारखा. एकाच जहाजावर दोघांच्या पायांची गरज वेगळी होती.

निवड आणि निगा

बूट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. जे जाड लोकरी मोजे वापरायचे, ते घालूनच बूट पायात घालून पाहावा. बोटे आत मोकळी हालली पाहिजेत. घट्ट बुटात दुहेरी मोजे कोंबल्याने ऊब वाढत नाही, उलट घटते. कारण तंतूंमधील हवा चेपली जाते आणि रक्ताला वाट उरत नाही. पाय संध्याकाळपर्यंत किंचित फुगतात, म्हणून माप त्या वेळी घेणे बरे. जोड आणि शिवणी बारकाईने तपासाव्यात. घोट्याच्या खाली शिवण जितकी कमी, तितके चांगले. बुटाची उंची वितळत्या बर्फाच्या खोलीपेक्षा अधिक असावी. तळ जाड आणि खोल नक्षीचा असावा. निघणारे अस्तर असल्यास त्याचे दोन संच बाळगावेत: एक पायात, एक वाळत. बुटावर 'उणे ४० अंशांपर्यंत' असा आकडा छापलेला आढळतो. तो आकडा चालणाऱ्याला आणि बसलेल्याला सारखाच लागू पडेल, असे मानू नये.

ओले बूट शेकोटीजवळ ठेवू नयेत. कातडे तडकते आणि रबराचे जोड सुटतात. अस्तर काढून ते हवेशीर जागी वाळवावेत. पाय बधिर झाल्यास तो चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही. ओले मोजे काढावेत, पाय कोरडा करून लोकरीत गुंडाळावा आणि वैद्याकडे जावे. गोठलेला पाय कोमट पाण्यात शेकण्याचा उपचारही तो पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल, तरच करावा.

फ्रान्समधील खंदकांत सैनिकांच्या पायांना देवमाशाचे तेल चोळण्याची प्रथा होती. रुग्णांची संख्या पुढे घटली, तिचे श्रेय त्या तेलाहून अधिक त्याच्याबरोबर आलेल्या शिस्तीला द्यावे लागेल. रोज बूट काढणे, पाय पुसणे, कोरडे मोजे चढविणे आणि प्रत्येक तुकडीच्या पायांबद्दल तिच्या अधिकाऱ्याला जबाबदार धरणे, अशी ती शिस्त होती. शिकारी आणि हौशी मासेमार स्वतःच्या पसंतीचा बूट विकत घेऊ शकतात आणि पाय गारठले की घरीही परतू शकतात. खलाशी, सैनिक, शीतगृहात राबणारा हमाल यांना ती मोकळीक नसते. त्यांना थंडीत पाठविणाऱ्याने बुटाबरोबर मोज्यांचा कोरडा जोड आणि तो बदलण्यापुरती सवडही द्यावयास हवी. ती न मिळाल्यास उत्तमातील उत्तम बूटही काही तासांत ओला होतो, आणि मग त्याच्या आतील पायाला वाचविण्याचे सामर्थ्य त्याच्यात उरत नाही.