पाचोळ्यावरचा कस्तुर

भीमाशंकरला देवळाकडची गर्दी मागे टाकून रानात शिरलं की, तिन्हीसांजेला वाटेच्या कडेला पाचोळा वाजतो. सरडा असेल, असं वाटतं. पण जरा थांबलं की कारवीच्या सावलीत नारिंगी डोकं दिसतं. पक्षी चोचीनं एक पान उचलून भिरकावतो, मान वाकडी करून खालची ओल न्याहाळतो. दोन उड्या मारतो, पुन्हा थबकतो. मग एक हिसका, आणि चोचीत गांडूळ लोंबतं.

हा कस्तुर. साधारण साळुंकीएवढा, निळसर राखाडी पाठीचा. सह्याद्रीतल्या कस्तुराचा गळा पांढरा असतो आणि गालावरून दोन काळसर पट्टे उभे उतरतात. हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदांचं डोकं मात्र सारं नारिंगीच. पावसाळ्यात ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालतो तो निळा कस्तुर निराळा.

शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना. जिओकिक्ला म्हणजे ग्रीक भाषेत जमिनीवरचा कस्तुर. त्याचे सगेसोयरे थेट आफ्रिकेच्या डोंगरी जंगलांत आहेत: केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत गर्नीचा कस्तुर, कॅमेरून-नायजेरियाच्या डोंगरांत क्रॉस्लीचा. मध्ये एवढा समुद्र, तरी गरजा त्याच: दाट सावली, ओली माती आणि कुणी न उचललेला पाचोळा.

आणि इथेच खरी अडचण आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या गावांत, पावसाआधी राब भाजतात. छाटलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा वाफ्यावर पसरून पेटवायचा, म्हणजे तण मरतं आणि रोपाला राख मिळते. पिढ्यान्‌पिढ्या भात असाच पिकला आहे, त्यासाठी शेतकऱ्याला बोल लावणं बरं नव्हे. उलट याच मुलखातल्या महादेव कोळ्यांच्या गावांनी आहुप्यासारख्या ठिकाणी देवराया राखल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा कडक रिवाज कित्येक ठिकाणी आढळला. देवाच्या धाकानं राखलेला तो पाचोळा कस्तुराच्या चोचीखाली जिवंत राहिला, याचं मोल फार मोठं आहे.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. ते मुख्यतः शेकरूसाठी. त्यामुळे इथे येणाऱ्याची मान वर, फांद्यांकडे. उन्हाळ्यातला वणवा झाडाचा शेंडा न जाळता जमिनीवरून सरपटत जातो, तेव्हा रान उभं दिसतं. पण किडे, गोगलगायी, गांडुळं लपण्याचा थर मात्र राख होतो.

जूनमध्ये पाऊस लागला की कस्तुराची जोडी एखाद्या बुटक्या झाडाच्या बेचक्यात काटक्या, मुळ्या आणि शेवाळाची वाटी रचते. तीन-चार अंडी, जेमतेम दोन आठवड्यांची उबवण. मग पिलं चोची वासतात, आणि आई-बाप दिवसभर खाली उतरून एकेक ओलं पान उलटत राहतात.