कोळ्याची सरहद्द

प्राचीन ज्योतिर्विदांनी जिच्यावरून आपली मध्यरेखा कल्पिली आणि माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेथे वेधशाळा उभारली, त्या उज्जयिनीत भाकिताची कसोटी फार पूर्वीच ठरून गेलेली आहे : गणिताने काढलेले स्थान आणि यंत्राने घेतलेला वेध यांची रुजुवात झाली पाहिजे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी गणितज्ञाने तिचा कारभार पाहिला, तोही याच शिस्तीच्या आधारावर.

हीच कसोटी आज एका निराळ्या भाकिताला लावावयाची आहे. हवामान पालटत गेल्यास कोणता कोळी कोणत्या मुलखात टिकेल, कोठून हटेल आणि कोठे नवे ठाणे मांडील, याचे नकाशे काढण्याचा उद्योग जगभर चालू आहे. एखादी जात जेथे जेथे आढळली तेथील अक्षांश-रेखांश जमवावयाचे, तापमान व पर्जन्य यांवरून बांधलेल्या एकोणीस मानकांशी ते ताडून पाहावयाचे, आणि त्या जातीला मानवणाऱ्या हवेचे जे गणित हाती येईल ते पुढील दशकांच्या अंदाजित हवामानावर बसवावयाचे, अशी त्याची रीत. स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडलेली ‘मॅक्सएन्ट’ ही पद्धत विशेष रूढ झाली, कारण तिला जात आढळल्याचे दाखले पुरतात, न आढळल्याचे लागत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतील ‘ब्राउन रेक्लूज’ या विषारी कोळ्याचा असाच अभ्यास होऊन त्याचे अनुकूल क्षेत्र उत्तरेकडे सरकण्याचा संभव दिसून आला.

परंतु जी सोय तीच येथे उणीव ठरते. आपल्याकडील दाखल्यांचे दप्तर जुने आहे : पोकॉक यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील कोळी-विंचवांवरील खंड १९०० मध्ये निघाला; प्राणिसर्वेक्षण खात्याच्या पुणे केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि या विद्वानांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की दाखल्यांचे दप्तर जातीचा मुलूख जितका दाखविते तितकाच संग्राहकाचा मार्गही दाखविते. अभयारण्य, विद्यापीठ, थंड हवेचे ठिकाण येथे नोंदी दाट. सोयाबीनचे शेत आणि बाभळीचा बांध येथे विरळ. गणिताने मात्र विरळ नोंदीला प्रतिकूल हवा समजून बसण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण खुद्द प्राण्याच्या स्वभावातील आहे. युरोपातील पट्टेरी ‘आर्जिओपी ब्रूनिखी’ गेल्या शतकात उत्तरेकडे वेगाने पसरली, ती केवळ ऊब वाढली म्हणून नव्हे. दीर्घकाळ विलग राहिलेल्या वंशांचा संकर होऊन तिच्यात थंडी सोसण्याची नवी शक्ती आली, असे क्रेहेनविंकेल व टाउट्झ यांनी २०१३ मध्ये दाखविले. याच्या अगदी उलट प्रकार आपल्या कोरड्या पठारावरील सामाजिक कोळ्याचा, ‘स्टेगोडायफस सारासिनोरम’चा. काटेरी झुडपांवर शेकडो माद्या एकत्र राहून रेशमाचे सामायिक घरटे विणतात, भक्ष्य वाटून खातात आणि पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यातच प्रजनन करतात. त्यामुळे त्यांच्या अंगच्या आनुवंशिक वैविध्याची शिल्लक अत्यल्प असते. नकाशाने शंभर कोस पलीकडची हवा अनुकूल ठरविली, तरी मधल्या शेतांनी झुडपे तोडलेली असतील तर त्या वसाहतीने तेथे पोहोचावे कसे?

माळव्याच्या रात्रीच्या शीतलतेची ख्याती उत्तर हिंदुस्थानभर आहे; ती ख्याती आता मोजून पाहिली पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसाळ्यात बांधांवर वर्तुळाकार जाळे विणणाऱ्या कोळ्याला अशी झड म्हणजे फाटलेल्या जाळ्याचे रेशीम पुन्हा अंगातून काढण्याचा भुर्दंड. वार्षिक सरासरीच्या मानकांत हा एका रात्रीचा आघात पुरता उतरत नाही. उलट, वाड्यांच्या कोपऱ्यांतले कोळी मनुष्याच्या छपराखाली राहत असल्याने बाहेरच्या हवेपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असतात.

म्हणून नकाशापूर्वी खानेसुमारी हवी, आणि ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे : क्षिप्रेच्या खोऱ्यातील ठराविक बांध निवडून दरमहा तेच पाहावेत, आढळलेली जात तारखेसह लिहावी, आणि काही न आढळल्यास सरकारी तक्त्यात लिहितात तसे ‘निरंक’ लिहावे. ही निरंकाची नोंद मॅक्सएन्टला लागत नसेल, परंतु त्याच्या भाकिताची पारख करणाऱ्याला तिच्यावाचून चालणार नाही. नकाशा २०५० साली चुकला, तर तो कोठे चुकला हे सांगणारा आजचा दाखला तेव्हा कोणत्याही गणिताने मागाहून तयार करता येणार नाही.